पाचवं गळू

पहिलं मानेवर आलं, घड टेकतो तिथे.
दुसरं काखेत.
तिसरं-चौथं एकाच आठवड्यात, मांडीवर.
सुभान फेंगडा चालायचा
आणि टोळीतले विचारायचे, वरात कधी होती रे?
पाचवं आलं तेव्हा मी मोजणं सोडलं
आणि गुन्हेगार शोधायला लागले.

हुरमाचाची म्हणाली,
त्याच्या आंगात उस्नता हाये, आंबे बंद कर.
आंबे बंद केले. कडुनिंब पाजला.
मे महिन्यात सावद्याला
कोणाच्या अंगात उष्णता नसते?
पत्र्याखाली रात्री दोन वाजता
माठातलं पाणीसुद्धा कोमट.

माझा संशय गादीवर होता.
घड उचलताना खांद्यावर घ्यायची ती फोमची चपटी गादी.
अकरा माणसांत चार,
घामानं आणि केळीच्या चिकानं काळ्या कुळकुळीत,
कोण कोणाची उचलेल नेम नाही.
ट्रकच्या आरशात बघून
रविवारी सगळे एकाच ब्लेडनं दाढ्या करायचे,
संशय त्या ब्लेडवरही.
आणि सुभानवर तर होताच.
सात दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद,
उरलेल्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत जपून ठेवायचा,
जणू गळू म्हणजे पाहुणा,
परत येणारच, घरात काहीतरी असावं.

नेहेते डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं.
दोनशे चाळीस.
वडिलांना साखर होती?
होती. पाय काढला होता.
पण मी गोड खातच नाही, सुभान म्हणाला,
चहासुद्धा कधीमधी.
दुपारी काय जेवता?
दुपारी केळी.
घडातली फुटलेली, पिकलेली. फुकट असतात.
किती?
त्यानं माझ्याकडे बघितलं,
मी पंख्याकडे.

मग त्यांनी कापसाची काडी काढली.
आधी त्याच्या नाकात फिरवली, मग पोराच्या,
मग म्हणाले, तुम्हीपण बसा.
मला हसू आलं.
मला आयुष्यात एक पुटकुळी आली असेल तर शपथ.
बसा हो, ते म्हणाले.

रिपोर्ट भुसावळहून आला.
सुभान भरणीवर होता, मी एकटीच गेले आणायला.
त्याच्या नाकात काही नव्हतं.
पोराच्या नाकात काही नव्हतं.
माझ्या नाकात होतं, बिऱ्हाड थाटून.
डॉक्टर समजुतीनं बोलत होते,
कितीतरी लोकांच्या नाकात असतो हा जंतू,
निमूट राहतो, ज्याच्या नाकात असतो त्याला कळतही नाही,
साखर वाढलेली, कातडी घासून सोललेली
असा कोणी जवळ मिळाला की उतरतो त्याच्याकडे.
तुमचा काही दोष नाही.

रिक्षात मागे बसून
मी माझे हात बघत आले.
या हातांनी पोटीस बांधलं होतं.
पिकलेलं तोंड यांनीच दाबलं होतं,
तो दात आवळून माझी बांगडी धरून बसायचा.
पदरानं पू टिपला, त्याच पदरानं नाक पुसलं, त्याचा घामही,
आणि आग होते म्हणाला तेव्हा
अगदी जवळ जाऊन
फुंकर घातली.
प्रत्येक गळवावर. पाचही.

आता तीन टॉवेल आहेत, तीन रंगांचे धागे शिवलेले.
चादरी उकळत्या पाण्यात.
गादीला त्यानं स्वतःची जुनी लुंगी गुंडाळलीय,
टोळी हसते, हसू दे.
डब्यात भाकरी आणि चवळी,
केळी कोणी दिलीच तर एक, तीही खरं सांगतो की नाही कोण जाणे.
दिवसातून दोनदा मलम, पाच दिवस, नाकात.
तुला कशाला? त्यानं विचारलं.
घरात सगळ्यांनाच लावायचंय, म्हटलं,
आणि पोराला उगाच थोडं लावलं.
हुरमाचाचीनं विचारलं, काय निघालं व माय?
साखर, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

काल रात्री तो पालथा पडला,
मानेवरची खपली ओली होती अजून.
आग होतेय गं, म्हणाला, फुंकर घाल ना जरा.
मी वाकले, तोंडाचा चंबूही केला,
मग तशीच उठले
आणि खुंटीवरचा विंझणा घेतला.
विंझण्यानं? तो म्हणाला.
हो, म्हटलं. झोप.